ब्रेक का लावला नाही?

दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणातली गोष्ट आहे. मी तेव्हा बारावीला होतो. आमच्या गावातला, अकरावीत शिकणारा एक मुलगा रेल्वेखाली सापडला. त्याचे नाव मी येथे लिहीत नाही. त्याच्या आईला ते छापलेले पाहवणार नाही. आमचे गाव रुळाच्या अलीकडे आणि निम्म्या गावाची शेते पलीकडे. पूर्वी तेथे फाटक होते. पुढे ते बंद झाले आणि रुळाखालून भुयारी मार्ग निघाला. उन्हाळ्यात त्या मार्गासारखी सोय नाही; पण पावसाळा लागला की त्यात कमरेइतके पाणी साचते. मग सारा गाव पूर्वीसारखाच रुळावरून ये-जा करतो. तो मुलगाही त्या दुपारी बापाची भाकरी घेऊन तसाच निघाला होता.

गाडी थांबली. पण कोठे थांबली? इंजिन जवळजवळ एक किलोमीटर पुढे, ओढ्यावरच्या पुलाच्याही पलीकडे जाऊन उभे राहिले. शेवटचा डबासुद्धा त्या जागेपासून तीन-चारशे मीटर पुढे होता. गावाने त्या अंतराचा एकच अर्थ लावला : ड्रायव्हर पळून चालला होता. 'ब्रेक का लावला नाही? ब्रेक का लावला नाही?' अशी एकच आरोळी उठली आणि आम्ही पंचवीस-तीस जण रुळाच्या कडेने धावत सुटलो. खडीला तेथे काय तोटा? ज्याच्या त्याच्या हातात दगड. माझ्याही हातात होता.

इंजिनाच्या खिडकीत जो माणूस उभा होता तो माझ्या वडिलांच्या वयाचा असावा. त्याने हात जोडले होते. तोंडाने तो काहीतरी सांगत होता. आमच्या ओरडण्यात ते कोणालाच ऐकू आले नाही. मी दगड मारला. तो काचेला न लागता खालच्या पत्र्यावर आपटला, यात माझे कर्तृत्व काही नाही. नेम चुकला, इतकेच. पुढे पोलीस आले, गाडी गेली, मुलाची माती झाली. पण ती आरोळी काही माझ्या डोक्यातून गेली नाही. ब्रेक का लावला नाही?

मित्रहो, आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. घरात कोणी प्रश्न विचारला की त्याचे उत्तर आता मला ठाऊक असले पाहिजे अशी सर्वांची समजूत आहे. मी तर कला शाखेचा विद्यार्थी. दहावीनंतर विज्ञानाला रामराम ठोकलेला. तरीही धाकट्या बहिणीचे नववीचे विज्ञानाचे पुस्तक उघडले, गतीची समीकरणे पुन्हा वाचली, आणि आमच्या तालुक्याच्या गावी राहणाऱ्या एका निवृत्त रेल्वे ड्रायव्हरकाकांकडे चार-पाच वेळा जाऊन बसलो. (आता या पदाला लोको पायलट म्हणतात, काका मात्र स्वतःला अजून ड्रायव्हरच म्हणवतात.) त्यातून जे उमगले ते आपणांपुढे ठेवतो. यात विद्वत्ता नाही. ज्याने दगड मारला त्याने शोधलेले हे उत्तर आहे.

प्रथम साधा हिशेब पाहू. ताशी १०० किलोमीटर वेग म्हणजे सेकंदाला सुमारे २८ मीटर. या वेगाने जाणाऱ्या मोटारीच्या चालकाला समोर काही दिसले, तर पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण एक सेकंद जातो. तेवढ्यात मोटार २८ मीटर पुढे गेलेली असते. त्यानंतर कोरडा रस्ता, चांगले टायर आणि करकचून लावलेला ब्रेक असेल, तर आणखी ५५ ते ६० मीटरमध्ये ती उभी राहते. म्हणजे एकूण ८५ मीटरच्या आसपास. भरलेल्या एस.टी.ला थोडे अधिक लागते. शंभर-एकशेदहा मीटर धरा. आपल्या कॉलेजच्या मुख्य दरवाजापासून ग्रंथालयाच्या पायरीपर्यंत जेवढे अंतर आहे, जवळजवळ तेवढेच.

आता त्याच वेगाने धावणारी बावीस-चोवीस डब्यांची प्रवासी गाडी घ्या. ड्रायव्हरने आपत्कालीन ब्रेक लावला तरी तिचा वेग दर सेकंदाला जेमतेम अर्ध्या मीटरने किंवा त्याहून थोडा अधिक कमी होतो. मोटारीचा वेग सेकंदामागे सात मीटरने उतरतो, तेथे हा अर्धा मीटर. समीकरणात आकडे घातले की उत्तर येते पाऊण किलोमीटरच्या पुढे. गाडी किती लांब, ब्रेक कोणत्या जातीचे, रूळ ओले की कोरडे, चढ की उतार, यांवर त्यात कमी-जास्त होते. परंतु पाऊण ते एक किलोमीटर हा अंदाज धरून चालायला हरकत नाही. आपल्या दरवाजापासून निघून बाजारपेठ ओलांडून बसस्थानकापर्यंत जा. एवढे ते अंतर आहे. भरलेली मालगाडी तर ताशी ७५ किलोमीटरने जात असली तरी तेवढीच जागा खाते.

याचे कारण काय? सर्वसाधारण समजूत अशी की रेल्वे जड असते म्हणून थांबत नाही. मीही तसेच धरून चाललो होतो. वजन प्रचंड असते हे खरेच. भरलेली एस.टी. पंधरा-सोळा टनांची, तर लांब प्रवासी गाडी हजार-बाराशे टनांची. कोळशाच्या अठ्ठावन्न वाघिणींची मालगाडी पाच हजार टनांच्या आसपास जाते. पण वजन वाढले की चाकाची खालच्या पृष्ठभागावरची पकडही त्याच प्रमाणात वाढते, म्हणून केवळ वजनाने एवढा फरक पडू नये. खरा फरक चाकाखाली आहे. रस्त्यावर रबरी टायर खडबडीत डांबराला धरून असतो. त्यांच्यातली पकड कोरड्या रस्त्यावर वजनाच्या सात-आठ दशांशांपर्यंत जाते. रेल्वेत गुळगुळीत पोलादी चाक गुळगुळीत पोलादी रुळावर टेकलेले असते, आणि तेही किती? बोटाच्या नखाएवढ्या जागेवर. तेथली पकड कोरड्यात वजनाच्या दोन-तीन दशांश. रूळ ओला, तेलकट किंवा पालापाचोळ्याने माखलेला असला तर एक दशांश किंवा त्याहूनही कमी.

बरे, आहे तेवढी पकड तरी पूर्ण वापरता येते काय? नाही. ब्रेक त्यापेक्षा जोरात दाबला तर चाक फिरायचे थांबते आणि रुळावरून नुसते घसरत जाते. घसरणारे चाक एका जागी घासून सपाट होते. शिवाय गाडी लवकर थांबत नाही ती नाहीच. डब्यात दारापाशी माणसे उभी असतात, वरच्या बर्थवर मुले झोपलेली असतात, कोणालाही पट्टा बांधलेला नसतो. मोटारीसारखा झटका दिला तर आतलीच माणसे एकमेकांवर आपटतील. मालगाडीत आणखी एक अडचण असते. ब्रेकची ताकद भरलेल्या मालाच्या प्रमाणात वाढत नाही, त्यामुळे रिकामी मालगाडी आणि भरलेली मालगाडी यांच्या थांबण्यात मोठाच फरक पडतो. त्यातच ब्रेक हवेच्या दाबावर चालतो. गाडीभर पसरलेल्या नळीतला दाब उतरला की चाकांवर ब्रेक बसतात, आणि दाब उतरण्याचा हा निरोप इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत पोहोचायला काही क्षण जातात. अमेरिकेतील जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनी १८६९ साली हवेच्या ब्रेकचे पेटंट घेतले. त्याआधी माणसे डब्याडब्यावरून पळत जाऊन हाताने ब्रेक आवळीत असत. त्यानंतर सुधारणा पुष्कळ झाल्या, नव्या डब्यांचे ब्रेक जुन्यापेक्षा कितीतरी चांगले आहेत, मुंबईची लोकल आणि मेट्रो तर लांबच्या गाड्यांपेक्षा पुष्कळ लवकर थांबतात. पण पोलादावर पोलाद ही मूळ गोष्ट तशीच आहे.

येथे कोणी म्हणेल, मग रुळांना आणि चाकांना खडबडीतच का करीत नाहीत? हा प्रश्न मीही काकांना विचारला होता. ते हसले आणि म्हणाले, "अरे, मग गाडी चालेल कशी?" रेल्वेचा सारा फायदा त्या गुळगुळीतपणातच आहे. चाकाला रोध कमी, म्हणूनच एवढ्याशा इंधनात किंवा विजेत हजारो टन माल गावोगाव पोहोचतो, आणि माझ्यासारख्याला थोड्या पैशांत तालुक्याच्या गावी येता येते. जी गोष्ट तिला सहज पळू देते तीच तिला सहज थांबू देत नाही. भरलेली बैलगाडी उताराला लागली की बैल मागे रेलून कसे घायकुतीला येतात हे आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले आहे. सपाटीवरून धावणारी रेल्वे त्या उतारावरच्या गाडीसारखी असते.

आता माझ्या दगडाच्या हिशेबाकडे येतो. समजा, ताशी १०० किलोमीटरने येणाऱ्या ड्रायव्हरला तीनशे मीटरवर रुळात माणूस दिसला, आणि त्याने त्याच क्षणी पूर्ण ब्रेक लावला. ती तीनशे मीटर तोडायला गाडीला बारा सेकंद लागतात. त्या माणसापाशी पोहोचते तेव्हा तिचा वेग किती असतो? समीकरण सांगते, सेकंदाला २२ मीटर. म्हणजे ताशी जवळजवळ ८० किलोमीटर! बांधावर उभे राहून पाहणाऱ्याला ती गाडी भरधावच दिसणार. तो देवाशपथ सांगेल, की ब्रेक लावलाच नव्हता. आणि गाडी पुढे पाचशे मीटरवर जाऊन उभी राहिली, की तो म्हणेल, पळून चालला होता.

आमच्या गावात नेमके हेच घडले. ज्या अंतराला आम्ही गुन्ह्याचा पुरावा मानले ते अंतर खरे म्हणजे ब्रेक लावल्याचा पुरावा होते. ब्रेक लावला नसता तर ती गाडी पुलापलीकडे थांबली नसती; पुढच्या स्टेशनात गेली असती. एवढी साधी गोष्ट पंचवीस-तीस जणांपैकी एकाच्याही ध्यानात आली नाही. त्यांतला एक बारावी शिकत होता.

काकांना मी भीत भीत विचारले, "तुमच्या गाडीखाली कधी कोणी आले?" ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "ब्रेक लावणं माझ्या हातात असायचं रे बाळ. थांबणं नसायचं. हॉर्न वाजवत राहायचं आणि बघत राहायचं. डोळे मिटता येत नाहीत, पुढचा सिग्नल बघायचा असतो." त्यांनी किती वेळा ते पाहिले, हे मी विचारले नाही.

मोटारचालक आणि रेल्वेचा ड्रायव्हर यांच्या कामात हाच मूलभूत भेद आहे. मोटार डोळ्यांवर चालते : दिसले की थांबायचे. रेल्वे डोळ्यांवर चालवता येत नाही, कारण दिसते त्या अंतरात ती थांबत नाही. म्हणून तिला आधीच सांगावे लागते. थांबण्याच्या सिग्नलच्या साधारण एक किलोमीटर अलीकडे दुसरा सिग्नल असतो, तो पिवळा झाला म्हणजे पुढे थांबायचे आहे अशी सूचना मिळते. वेगवान मार्गांवर तर दोन किलोमीटर अलीकडेही असा सिग्नल असतो. रेल्वेचा एक जुना नियम काकांनी सांगितला, तो मला फार बोलका वाटला. ब्रॉडगेज मार्गावर अपघात होऊन गाडी अडली, तर गार्डने मागे चालत जाऊन ६०० मीटरवर रुळावर एक फटाका लावायचा, आणि आणखी पुढे जाऊन १२०० मीटरवर दहा-दहा मीटरच्या अंतराने तीन. मागून येणाऱ्या गाडीच्या चाकाखाली ते फुटले की ड्रायव्हरने समजायचे, पुढे धोका आहे. धोक्यापासून सव्वा किलोमीटर दूर! ज्यांनी हा नियम केला त्यांना रेल्वेच्या थांबण्याचे अंतर पक्के ठाऊक होते. ज्यांना ते ठाऊक नाही ते आपण. आणि रूळ ओलांडतो तेही आपणच.

आपल्या कॉलेजच्या वाटेवरचे फाटक घ्या. सकाळी साडेसातच्या तासाला ते बंद मिळाले की आपल्यापैकी कित्येक जण गेटमनच्या नावाने खडे फोडतात. गाडीचा पत्ता नाही आणि याने फाटक लावून ठेवले! मग सायकली आडव्या होतात, मोटारसायकली तिरक्या होतात, आणि दांड्याखालून एकेक जण पलीकडे निघतो. त्यात मीही असे. आता मला कळते की फाटक लवकर बंद झालेले नसते, वेळेवरच झालेले असते. जेथे फाटक सिग्नलशी जोडलेले असते तेथे ते बंद होऊन त्याला कुलूप लागल्याशिवाय गाडीला सिग्नल मिळत नाही. आणि गाडीला वेग कमी न करता यायचे असेल तर तिने अलीकडचा सिग्नल पाहण्याआधीच फाटक लागलेले असले पाहिजे. म्हणजे गाडी तेव्हा दोन-तीन किलोमीटर दूर असते. एक्स्प्रेसला एका किलोमीटरला ३६ सेकंद लागतात; ताशी ५० ने येणाऱ्या मालगाडीला ७२. आपण उन्हात उभे राहून जी चार-पाच मिनिटे मोजतो, ती या थांबण्याच्या अंतराचीच किंमत असते. गेटमनचा त्यात काडीचा दोष नाही.

शिवाय डोळा फसवतो, तो वेगळाच. मोठी वस्तू दुरून येताना संथ वाटते. आपल्या सरळ रेषेत येणारी गाडी तर पुढे सरकते आहे असेच वाटत नाही; ती फक्त मोठी होत जाते, आणि शेवटच्या क्षणी एकदम अंगावर येते. त्यातून आता विजेची इंजिने आली, धडधड कमी झाली, आणि आपल्या कानांत गाणी असतात.

हे सारे वाचून कोणी म्हणेल, की तू रेल्वेचा वकील झालास. मरणाऱ्याचाच दोष, असे तुझे म्हणणे दिसते. नाही. माझे म्हणणे त्याच्या अगदी उलट आहे, आणि त्याकरिताच हा लेख लिहिला आहे.

८ मे २०२० रोजी, टाळेबंदीच्या काळात, जालन्याहून मध्य प्रदेशातील आपल्या घरी पायी निघालेले सोळा मजूर करमाडजवळ रुळावर झोपी गेले होते. गाड्या बंद आहेत अशी त्यांची समजूत होती. पहाटे मालगाडी आली. ड्रायव्हरला ते दिसले, त्याने गाडी थांबवण्याचा प्रयत्न केला. पण गाडी त्यांच्या अलीकडे थांबली नाही. रुळावर विखुरलेल्या भाकरींचे छायाचित्र आपण सर्वांनी पाहिले आहे. २२ जानेवारी २०२५ रोजी जळगाव जिल्ह्यात पुष्पक एक्स्प्रेसला आग लागल्याची अफवा उठली, साखळी ओढली गेली, घाबरलेले प्रवासी शेजारच्या रुळावर उतरले, आणि त्याच रुळावरून येणाऱ्या कर्नाटक एक्स्प्रेसखाली बारा-तेरा जीव गेले. या दोन्ही ठिकाणी त्या शेवटच्या क्षणी कोणीही ब्रेक लावून काही साधले नसते. जे करायचे ते कितीतरी आधी करायला हवे होते. पायी निघालेल्या मजुराला वेळेवर गाडी मिळायला हवी होती. डब्यातल्या माणसाला शेजारच्या रुळाचे भान कोणीतरी आधी द्यायला हवे होते.

मला असे वाटते, की ज्याला थांबता येत नाही त्याच्या वाटेत कोणाला यावेच लागू नये, ही व्यवस्था करणे हाच रेल्वेचा खरा ब्रेक आहे. आणि तो इंजिनात नसतो. तो रुळाच्या दोन्ही बाजूंना असतो. आपला कायदाही हे ओळखतो. जेथे फाटकावर माणूस नाही तेथे वाहनचालकाने थांबावे, स्वतः किंवा सोबत्याला उतरून रुळापर्यंत चालत जाऊन गाडी येत नाही याची खात्री करावी, आणि मगच पुढे जावे, असे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १३१ व्या कलमात लिहिले आहे. म्हणजे लवकर थांबू शकतो त्याने थांबावे. हे न्यायाचेच आहे. पण कलमाने सारे भागत नाही. २६ एप्रिल २०१८ रोजी उत्तर प्रदेशात कुशीनगरजवळ अशाच माणूस नसलेल्या फाटकावर शाळेची गाडी रेल्वेसमोर आली आणि १३ मुले दगावली. त्या मुलांनी कोणते कलम मोडले होते? पुढे जानेवारी २०१९ पर्यंत ब्रॉडगेजवरची माणूस नसलेली सारी फाटके बंद करण्यात आली. फार मोठे काम झाले, आणि त्याने किती जीव वाचले असतील याची गणती नाही.

परंतु फाटक बंद झाले म्हणजे शेत अलीकडे येत नाही. पलीकडे जायचा माणूस पलीकडे जाणारच. त्याच्यासाठी केलेल्या भुयारी मार्गात चार महिने पाणी असेल, तर कागदावर रस्ता आहे आणि पायाखाली नाही, अशी त्याची गत होते. मग तो रुळावर चढतो. रुळावर चढला की कायद्याने तो गुन्हेगार. रेल्वे कायद्याच्या १४७ व्या कलमात त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. गाडीखाली आला तर बेपर्वा. त्याच्या हातातली भाकरी कोणी पाहत नाही. आजकाल 'कवच' नावाची यंत्रणा येते आहे, ती लाल सिग्नल ओलांडू पाहणारी गाडी आपोआप थांबवते. उत्तम आहे. पण ती सिग्नल ओळखते. रुळात उभा असलेला माणूस ओळखत नाही. त्याच्यासाठी पाणी उपसण्याचा पंप आणि एक धड नाली पुरे आहे, आणि तीच होत नाही.

गेल्या हिवाळ्यात राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर आमच्या गावी झाले. आम्ही दहा-बारा जणांनी रुळाला समांतर जाणाऱ्या गाडीवाटेवर दोरीने मोजून फक्कीच्या रेघा मारल्या. पहिली रेघ ८५ मीटरवर : येथे मोटार थांबते. दुसरी ११० वर : येथे एस.टी. मग गावातल्या मंडळींना घेऊन चालू लागलो. माणसे चालत राहिली, चालत राहिली, मध्येच एक म्हातारे बाबा म्हणाले, "आरं, तिसरी रेघ हाय तरी कुठं?" ती नऊशे मीटरवर होती, पुलाच्या जवळ. तेथे पोहोचल्यावर कोणी काही बोलले नाही. त्या दिवशी जे खडीवरून धावले होते त्यांतले बरेच जण तेथे उभे होते. त्याच संध्याकाळी भुयारी मार्गातील पाण्याविषयी अर्ज लिहिला. एकशे बेचाळीस सह्या आणि एकोणीस अंगठे झाले. अर्जाला पोच मिळाली आहे. काम व्हायचे आहे.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाच्या घरी गेलो. त्याची आई भिंतीला टेकून धान्य निवडीत होती. दोन वर्षे मी त्या दारावरून मान खाली घालून जात असे. तिला सांगितले, "काकू, त्या ड्रायव्हरनं ब्रेक लावला होता. गाडी तेवढ्यात थांबतच नाही." आणि रेघांची गोष्ट सांगितली. मला वाटले, ती रडेल किंवा रागावेल. तिने सुपातला खडा बाजूला टाकला आणि म्हणाली, "मग त्या बोगद्यातलं पाणी का नाही काढलं कुणी?"

मित्रहो, दोन वर्षे आमचा गाव चुकीचा प्रश्न विचारीत होता. योग्य प्रश्न ज्या बाईने विचारला ती एक दिवसही शाळेत गेलेली नाही. आपण शिकलेली मुले आहोत. आपल्याकडून फार मोठे काही होईल असे नाही. पण निदान दोन गोष्टी व्हाव्यात. फाटक बंद असेल तेव्हा उभे राहावे. तासाला उशीर झाला तर आपले गुरुजन तेवढे समजून घेतील, अशी मला खात्री आहे. आणि कोठे असा अपघात घडला, तर गाडी किती पुढे जाऊन थांबली हे पाहण्याआधी, तो माणूस रुळावर का आला हे पाहावे.

येता पावसाळा जवळ आला आहे. पाणी साचण्यापूर्वी नाली व्हावी म्हणून आम्ही पुन्हा अर्ज घेऊन जाणार आहोत. आपल्यापैकी ज्यांना यायचे असेल त्यांनी मला वर्गात भेटावे.

— द्वितीय वर्ष, कला